शिवणबाईंचं आगाऊ दफन

पाळकसाहेबांचे डोळे मिटलेले होते, आवाज नेहमीसारखा खर्जात लागला होता, उजवा हात शिवणबाईंच्या पांघरुणावर, जिथे त्यांचा गुडघा असावा अशा अंदाजाने, ठेवलेला होता, आणि मनात एवढाच विचार चालू होता की आपण गाडी लावली ती जागा रुग्णवाहिकेची तर नव्हती ना. खाली पिवळा पट्टा पाहिल्यासारखा वाटत होता, पण तो गाडीच्या पुढे होता की गाडीखाली, हे काही केल्या आठवेना. अशा वेळी तोंड आपलं काम करत असतं. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर तोंडाला मालकाची गरज उरत नाही. ते एकटं घरी जातं, एकटं परत येतं. आणि मग पाळकसाहेबांना आपलंच तोंड म्हणताना ऐकू आलं, "आणि प्रभो, तुझ्या या दासीची यात्रा आता पूर्ण झाली आहे. तिने ज्यांना मागे ठेवलं त्या आप्तजनांचं तू सांत्वन कर." पलीकडच्या खाटेवरची बाई संत्रं सोलत होती, ती थांबली. पाळकसाहेबांनी एक डोळा किलकिला केला. शिवणबाई उशीला टेकून, दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून, त्यांच्याकडे पाहत होत्या. मागे ठेवलेले आप्तजन, म्हणजे त्यांची एकुलती एक भाची, हातात थर्मास धरून खाटेच्या पायथ्याशी उभे होते. पाळकसाहेबांनी घाईघाईने वाक्य गुंडाळलं, शेवटाला यायचा तो शेवट आणला, आणि शिवणबाई सवयीने, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमेन." दफनाच्या प्रार्थनेला प्रत्यक्ष मयताकडून आलेलं आमेन पाळकसाहेबांनी सेवाकाळात पहिल्यांदाच ऐकलं.

कुणाच्या लक्षात आलं नसेल, असं त्यांनी लिफ्टमध्ये स्वतःला सांगितलं. लोक प्रार्थना ऐकत नाहीत, प्रार्थनेचा सूर ऐकतात. हे गुपित प्रत्येक पाळकाला ठाऊक असतं आणि एकही पाळक ते दुसऱ्याला सांगत नाही. लिफ्टमध्ये एक वॉर्डबॉय रिकामी चाकाची खुर्ची घेऊन उभा होता. तो आदराने थोडा सरकला आणि पाळकसाहेबांनी, नेहमीप्रमाणे, त्याच्याकडे पाहून आशीर्वादाचं म्हणावं असं एक हसू दिलं, आणि त्या हसण्याने त्यांना आज पहिल्यांदा गालाच्या आत काहीतरी आंबट लागलं. तरुण असताना पहिल्यांदा ते असेच एका खाटेपाशी उभे राहिले होते. जळालेला माणूस होता, सगळा पांढऱ्या पट्ट्यांत, नुसते डोळे दिसत होते. त्यांना एक शब्द सुचला नव्हता. घसा दाटून आला, 'देवा, देवा' एवढंच म्हणत राहिले आणि शेवटी त्या माणसाच्या बायकोनेच त्यांना पाणी आणून दिलं. तेव्हाचे वृद्ध पाळक, ज्यांच्या हाताखाली ते शिकत होते, बाहेर येऊन म्हणाले होते, "बाळा, रडू रोज येणार नाही. आज आलं, उद्या येईल, परवा येणार नाही आणि परवाही कुणीतरी आजारी असणारच. चार प्रार्थना तयार ठेव. कपाटात कपडे ठेवतो तशा." सल्ला सोन्यासारखा होता. त्यांनी चाराच्या चाळीस केल्या. आजाऱ्याची, नव्या घराची, परीक्षेला बसणाऱ्यांची, नोकरी सुटलेल्याची, बाप्तिस्म्याची, दफनाची. सगळ्या खणात घडी घालून. हात न बघता आत जायचा आणि बरोबर तीच बाहेर यायची. या आठवड्यात दफनं जरा जास्त झाली होती, तो खण उघडाच राहिला असेल. एवढंच. कपाटाचा दोष. गाडी पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडेच होती, हे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच, आपला जीव नक्की कशासाठी भांड्यात पडला, हे लक्षात येऊन ते खजील झाले.

घरी पाळकीणबाईंनी विचारलं, "कशा आहेत शिवणबाई?" "बऱ्या आहेत," ते म्हणाले. "घाबरल्यात का?" "थोड्या." ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. पोटातली गाठ होती. काढली की सुटल्या, नाही काढली तर मात्र काही खरं नाही, असं सर्जन म्हणाला होता. शिवणबाई म्हणजे चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई. गायकवृंदाचे झगे त्यांनी शिवलेले, बाप्तिस्म्याची अंगडी त्यांची, आणि स्वतः पाळकसाहेबांचा उपासनेचा झगा, पोट वाढत गेलं तसा दर दोन-तीन वर्षांनी दोन्ही बाजूंनी उसवून वाढवला तो त्यांनीच, तेही कुठे वाच्यता न करता. एवढ्या गुप्ततेची अपेक्षा पाळकसाहेबांनी कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूकडूनही केली नसती. लग्न केलं नाही, भाचीला वाढवलं. देवावर विश्वास भक्कम आणि मरणाची भीती त्याहून भक्कम. "मला वर जायचंय हो," असं त्या म्हणायच्या, "पण जायचा रस्ता फार वाईट आहे."

सकाळी नेहमीप्रमाणे पाळकसाहेब अभ्यासिकेत गेले आणि दार लावून घेतलं. हा त्यांचा प्रार्थनेचा तास. मंडळीत तो प्रसिद्ध होता. मुलं लहान असताना या वेळी घरात चवड्यांवर चालायची आणि एकमेकांना ओठांवर बोट ठेवून 'पप्पा प्रार्थनेत आहेत' असं सांगायची. आता मुलं दूर गेली, तरी चवड्यांवर चालणं घरात राहिलं होतं, पाळकीणबाई दुधाचं पातेलंसुद्धा ओट्यावर जपून ठेवायच्या. फोन आला तर हलक्या आवाजात सांगायच्या, "ते प्रार्थनेत आहेत." दाराच्या आत पाळकसाहेब वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत. कधीपासून, हे त्यांना सांगता आलं नसतं. पहिल्यांदा गुडघे दुखले म्हणून खुर्चीत बसून प्रार्थना करू लागले, खुर्चीत बसलं की झोप यायची म्हणून डोळे उघडे ठेवू लागले, आणि उघड्या डोळ्यांपुढे काहीतरी लागतंच. त्यात कुठेही एक असा दिवस नव्हता की ज्यावर बोट ठेवून म्हणावं, इथे मी घसरलो. जिना उतरल्यासारखं होतं सगळं, एकेक पायरी सोयीची. आज कोड्याच्या खाली एक कोरा कागदही होता, कारण बिशपसाहेबांचा फोन आला होता. सेवकांच्या शिबिरात तरुण पाळकांसमोर बोलायचं होतं आणि विषय होता, सेवेत असताना आत्मिकदृष्ट्या ताजं कसं राहावं. "तुमच्याशिवाय कोण बोलणार?" बिशपसाहेब म्हणाले होते, "तुमच्या चेहऱ्यावर कायम टवटवी असते." ती टवटवी पोट साफ असण्याची होती, पण बिशपसाहेबांना कोण सांगणार? त्यांनी दोन मुद्दे लिहिले होते आणि ते खरोखर चांगले होते. विहीर उपसली तरच झरे मोकळे होतात, असं काहीतरी दुसऱ्यात होतं आणि ते लिहिताना त्यांना स्वतःलाच बरं वाटलं होतं. मग ते पुन्हा कोड्याकडे वळले.

दारावर टकटक झाली. या तासात दारावर टकटक म्हणजे घराला आग. पाळकसाहेबांनी वर्तमानपत्र खणात सारण्याआधीच पाळकीणबाई आत आल्या होत्या.

"शिवणबाईंच्या भाचीचा फोन होता. मी सांगितलं, प्रार्थनेत आहेत. ती म्हणाली, मग नको, राहू दे. आणि रडायलाच लागली. बाई ऑपरेशनला सही करत नाहीयेत."

"का?"

"म्हणे, पाळकसाहेबांना कळलंय. डॉक्टरांनी किंवा देवाने, कुणीतरी सांगितलंय. काल तुम्ही त्यांच्या दफनाचीच प्रार्थना केलीत म्हणे. हे काय आहे?"

पाळकीणबाईंची नजर टेबलावर गेली, कोड्यावर थांबली, परत त्यांच्यावर आली.

"कुठला अडलाय?" त्यांनी विचारलं. "आडवा की उभा?"

पोटात खड्डा पडणे म्हणजे काय ते पाळकसाहेबांना त्या क्षणी कळलं. अनेक उपदेशांत त्यांनी तो शब्दप्रयोग वापरला होता. "तुला माहीत होतं?"

"अहो, घरातली रद्दी कोण बांधतं?"

"मग लोकांना का सांगतेस, प्रार्थनेत आहेत म्हणून?"

"काय सांगू? शब्दकोड्यात आहेत?" त्या हसल्या नाहीत. पदराने टेबलावरचा चहाचा डाग पुसू लागल्या, जो कित्येक दिवसांपूर्वीच वाळला होता. "मला वाटायचं, मी म्हणत राहीन तर एखाद्या दिवशी खरं होईल. जा आता. दुपारच्या आत सही नाही झाली तर ते नंबर दुसऱ्याला देतील."

गाडी चालवताना त्यांचं डोकं फार वेगाने चालत होतं आणि त्या वेगाचीच त्यांना शिसारी येत होती. सुटायच्या वाटा भराभर दिसत होत्या, एकीपेक्षा एक सरस. म्हणता येईल की यात्रा म्हणजे दुखण्याची यात्रा. म्हणता येईल की आप्तजनांचं सांत्वन म्हणजे भाची फार काळजीत होती म्हणून. किंवा सरळ जाऊन, हात उंचावून, बरं होण्याची एक दणदणीत प्रार्थना करावी आणि शेवटी डोळे उघडून सांगावं, बाई, मला आत्ता आश्वासन मिळालं. त्या सही करतील. जीव वाचेल. एका माणसाचा जीव आणि एका पाळकाची अब्रू, दोन्ही एकाच वाक्यात. यात कुणाचं काय वाईट होणार होतं? सिग्नलला थांबले असताना त्यांनी ते वाक्य पुटपुटून पाहिलं. आवाज बरोबर लागला. 'आत्ता' या शब्दावर किंचित थरथरसुद्धा आली, मागवल्यासारखी. शेजारच्या गाडीतली एक लहान मुलगी काचेला नाक लावून त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी आपोआप तिला आशीर्वादाचं हसू दिलं. तिने जीभ काढून दाखवली. मंडळीत इतक्या वर्षांत कुणी त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं, आणि कुणी दिलं असतं तर कदाचित बरं झालं असतं, असं वाटून ते सिग्नल सुटल्यावरही तसेच बसून राहिले, मागून हॉर्न वाजेपर्यंत.

वॉर्डमध्ये पाहतात तर शिवणबाईंच्या खाटेभोवती पडदा अर्धा ओढलेला, आणि आत महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाई, चेहरा दफनाला शोभेल इतका लांब करून, स्टुलावर बसलेल्या. सेक्रेटरीबाईंच्या कानावर सकाळी काही पडलं की संध्याकाळपर्यंत ते सगळ्या मंडळीचं होतं. त्यामुळे वार्तापत्र छापायची गरज कधी पडली नाही. भाची भिंतीला टेकून उभी होती, नाक लाल. शिवणबाई मात्र प्रसन्न होत्या. केस नीट विंचरलेले, हात पोटावर जोडलेले. त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांती पाळकसाहेबांनी आजवर फक्त शवपेटीचं झाकण लावण्याआधी पाहिली होती.

"या, पाळकसाहेब. मी म्हटलंच, तुम्ही येणार. शिवणयंत्र हिला दिलं. चांगली कात्री सेक्रेटरीबाईंना. तुमचा झगा मात्र आणखी एकदा उसवायला हवा होता, ते राहिलं."

"बाई, तुम्ही सही का करत नाही?"

"आता कशाला चिरफाड? देवाने बोलावल्यावर पोटाला टाके घालून कशाला जायचं? माझे टाके सरळ असतात, या डॉक्टरांचे कसे असतील देव जाणे."

"मावशी!" भाची म्हणाली.

"गप गं तू. पाळकसाहेब, एक सांगू? इतकी वर्षं तुमच्या प्रार्थना ऐकल्या. छान असतात. सगळ्या छान असतात. पण काल पहिल्यांदा वाटलं, हे तुम्ही बोलत नाही, देव बोलतोय. तुम्हाला स्वतःलाच ते थांबवता येईना. डोळा उघडून माझ्याकडे पाहिलंत, तुम्ही केवढे दचकला होता! मी म्हटलं, बिचाऱ्यांना नको असताना सांगावं लागलं. आणि मग माझी भीतीच गेली. काल मी झोपले हो. हे दुखणं आल्यापासून पहिल्यांदा."

पाळकसाहेबांनी पडद्याची कड हातात धरली. तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं. "बाई," ते म्हणाले, आणि आवाज लगेच खर्जात गेला, "मला आश्वासन मिळालं आहे."

"कुणाकडून?" शिवणबाईंनी विचारलं. अगदी साधेपणाने, शाळेत 'हा काठ कुणी शिवला?' असं विचारावं तसं.

त्या एका शब्दापुढे खर्ज टिकला नाही. पाळकसाहेबांना वाटलं, आपण उपासनेच्या झग्यात उभे आहोत आणि शिवण दोन्ही बाजूंनी उसवत चाललीय, इतक्या जणांदेखत. सेक्रेटरीबाईंना बाहेर जायला सांगावं असं मनात आलं. त्यांनी तोंड उघडलंही. पण मग ज्या सुरात ते सांगितलं गेलं असतं तो सूरही कपाटातलाच होता. त्यांनी सांगितलं नाही.

"कुणाकडून नाही," ते म्हणाले. आवाज भलताच बारीक आला, सर्दी झालेल्या माणसासारखा. "बाई, काल चूक झाली. ती दुसरी प्रार्थना होती. दफनाची. या आठवड्यात दोन-तीनदा म्हटली होती, तीच तोंडात आली. माझं लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

"गाडी कुठे लावली, ते आठवत होतो."

पलीकडच्या खाटेवरच्या बाईने रेडिओ लावला होता तो बंद केला. सेक्रेटरीबाईंचा लांब चेहरा आणखी कुठे जाणार, तो जागच्या जागी राहिला, फक्त डोळे मोठे झाले.

"म्हणजे देवाने तुम्हाला काही सांगितलं नाही?"

"नाही."

"आज सकाळी? दार लावून बसता तेव्हा?"

"नाही. बाई, तो मला काही सांगत नाही, बरेच दिवस. वर्षं. मीही त्याला काही विचारत नाही. दाराच्या आत मी," आणि इथे त्यांना ठसका लागला, "शब्दकोडं सोडवतो."

आता काहीतरी होईल असं त्यांना वाटलं. कबुलीनंतर हलकं वाटतं, असं त्यांनी शेकडो लोकांना सांगितलं होतं. कबुली देणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. हलकं काही वाटलं नाही. कान तापले, काखेत घाम आला, आणि मूर्खासारखं जाणवत राहिलं की आपण पडद्याची कड अजून धरून ठेवलीय आणि तिचा एक हूक निघालाय. शिवणबाईंचा चेहरा त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत गेला. शांती गेली. आधी कपाळावरून, मग ओठांवरून, आणि मग ते जोडलेले हात सुटले आणि पांघरुणाची किनार चाचपू लागले, कापड तपासल्यासारखे. ती शांती चुकीच्या पायावर उभी होती हे खरं. पण उभी होती. त्यांच्या सगळ्या बरोबर प्रार्थनांनी या बाईला एक झोप मिळवून दिली नव्हती, ती एका चुकीने दिली आणि आता तीही ते परत घ्यायला आले होते.

"पहाटे जाग आली ना," शिवणबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "की मी घड्याळ बघायची. म्हणायची, आता पाळकसाहेब उठतील, दार लावतील, माझं नाव घेतील. मग तेवढा वेळ मी स्वतः प्रार्थना करायची नाही. म्हटलं, दोघांनी कशाला एकच काम करायचं." त्यांचा आवाज फाटला. "मला फार भीती वाटतेय हो. काल नव्हती."

"मला माफ करा, बाई."

"ते नंतर बघू," त्या एकदम चिडून म्हणाल्या. रडत होत्या आणि चिडल्या होत्या, दोन्ही एका वेळी, आणि दोन्ही मनापासून. "म्हणजे मी मरणार नाही?"

"मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन केलं तर नाही."

"मग इतका वेळ काय करताय सगळे? त्या नर्सला बोलव गं, कुठे सही करायची ती दाखव म्हणावं. आणि शिवणयंत्र परत हवं मला. सेक्रेटरीबाई, कात्री."

"माझ्या पिशवीत आहे," सेक्रेटरीबाई दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या, आणि स्टुलावरून उठून ती त्यांनी उशाशी ठेवली.

"मी प्रार्थना करू?" पाळकसाहेबांनी विचारलं. विचारल्यावर त्यांना वाटलं, जीभ चावावी.

"नको," शिवणबाई म्हणाल्या. "बसा तिथे."

ते स्टुलावर बसले. नर्स आली, सही झाली, नाडी पाहिली गेली, हिरवा गाऊन आला, भाचीने मावशीच्या बांगड्या काढून रुमालात बांधल्या. पाळकसाहेब उठून बाहेर जाऊ लागले तेव्हा शिवणबाई दटावल्यासारख्या नुसत्या 'हं' म्हणाल्या, म्हणून पडद्याबाहेर तोंड करून उभे राहिले. त्यांना कधीच असं बसवून ठेवलं गेलं नव्हतं. ते येत, बोलत, जात. खाटेपाशी बसल्यावर वेळ किती जाड असतो हे त्यांना माहीत नव्हतं. संध्याकाळी घराघरांतून काय बोललं जाईल ते त्यांना शब्दशः ऐकू येत होतं. बिशपसाहेबांचा फोन येईल, किंवा येणार नाही, जे जास्त वाईट. आणि त्या सगळ्याखाली, अगदी तळाशी, एक क्षुद्र विचार हळूच डोकं वर काढत होता की ही गोष्ट शिबिरात सांगितली तर तरुण पाळकांच्या डोळ्यांत पाणी येईल. तो विचार दिसला आणि त्यांची मान आणखी खाली गेली. लाजेचासुद्धा उपदेश करायला निघालेलं हे मन घेऊन कुठे जायचं?

ढकलगाडी आली. शिवणबाईंना तिच्यावर घेतलं. लांब पॅसेजमधून गाडी निघाली, एका बाजूला भाची, दुसऱ्या बाजूला पाळकसाहेब, मागे सेक्रेटरीबाई. छतावरचे दिवे शिवणबाईंच्या चेहऱ्यावरून एकेक सरकत होते आणि त्या ओठ घट्ट मिटून होत्या. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी गाडी थांबली. ढकलणारा माणूस म्हणाला, "इथून पुढे कुणी नाही. काही बोलायचं असेल तर आत्ताच."

भाचीने मावशीचा हात धरला. शिवणबाईंनी मान वळवून पाळकसाहेबांकडे पाहिलं.

"म्हणा काहीतरी," त्या म्हणाल्या. "पण या वेळी तुम्ही पण ऐका."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. हात सवयीने त्या कपाटात गेला आणि रिकामा फिरला. खण होते तिथेच होते, घड्याही होत्या, पण उचलायला गेलं की त्यावर आपल्याच बोटांचे ठसे दिसत होते. "देवा," ते म्हणाले. पुढे काही आलं नाही. पॅसेजमध्ये कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या. "देवा, हिला," ते म्हणाले, आणि घसा बंद झाला. आजाऱ्यासाठी दाटणारा तो जुना घसा नव्हता हा. इतक्या दिवसांनी कुणाच्या दारात हात पसरून उभं राहिल्यावर, आत कुणी आहे की नाही ते ठाऊक नसताना, माणसाचं जे होतं ते होतं. 'हिला' काय? वाचव, हे त्यांना हवं होतं, आणि हे हवं असणं इतकं उघडंवाघडं होतं की त्यावर टाकायला एक शब्द मिळेना.

डोळे उघडले तेव्हा गाडी आत गेली होती. दाराचे दोन पंख अजून हलत होते, कमी कमी. भाची बाकावर बसली होती. सेक्रेटरीबाई पॅसेजच्या टोकाला फोन कानाला लावून भराभर बोलत होत्या. पाळकसाहेब दारासमोर अगदी मध्ये, हात अर्धवट वर धरून उभे होते, आणि औषधांची ढकलगाडी घेऊन आलेल्या एका नर्सला पुढे जायला वाट नव्हती. तिने थोडा वेळ वाट पाहिली.

"झालं का तुमचं?" तिने विचारलं.

"नाही," पाळकसाहेब म्हणाले आणि भिंतीकडे सरकले. "अजून नाही."